तीन माणसांचा हिस्सा

माझ्या सेवेतील एक दोषारोपपत्र न्यायालयात कधी पोहोचलेच नाही. ते लिहून तयार होते, पृष्ठक्रमांक घातलेले होते, साक्षीदारांची यादी जोडलेली होती. ते आठवले की मला आजही हायसे वाटते. त्यापाठोपाठ शरमही वाटते, कारण ते माझ्याच हस्ताक्षरात होते.

निवृत्त म्हणवून घेण्याइतके माझे वय नाही. गणवेश मी स्वेच्छेने उतरवला आणि आता न्यायवैद्यक रसायनशास्त्रात संशोधन करते. त्या काळी मात्र मी उपनिरीक्षक होते, रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन परीक्षेतून थेट खात्यात आलेली. आमचे ठाणे चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला होते. मूल शहराच्या भातगिरण्या मागे टाकून जंगलाच्या रस्त्याला लागले की ते येते. पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. तपास कागदोपत्री ठाणेदारांच्या नावावर होता, पण पंचनामे, जबाब आणि पायपीट माझ्याकडे होती. खुनाचा तो माझा पहिला तपास. तो निर्दोष व्हावा अशी माझी महत्त्वाकांक्षा होती. संबंधितांची नावे मी देत नाही.

एप्रिल सुरू होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी ठाणे दैनंदिनीत हजेरी लिहीत असताना पन्नाशीतला एक शेतकरी घामाघूम होऊन आत आला.

"मॅडम, चाला लवकर. मोहाखाली मानूस मरून पडला आहे."

कोण, कुठे, हे त्याने नीट सांगितले. मृत त्याचा शेतशेजारी होता. जीपमध्ये त्याच्या शेजारी बसलेल्या आमच्या जमादारांनी विचारले, "कोनाशी काई वाद होता का त्याचा?"

"मी कोनाचं नाव घेत नाई, भाऊ," तो म्हणाला. "पन भांडन कोनाचं होतं ते गावाले माहीत आहे."

भांडण दोन चुलतभावांचे होते. त्यांना मी येथे थोरला आणि धाकटा म्हणेन. वाटणीनंतर दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठे मोहाचे झाड राहिले. या भागात मोहाचे झाड घराण्याचे असते, त्याखाली कोणी वेचायचे हे ठरलेले असते. फुले दिसावीत म्हणून हंगामाआधी त्याखालचा पाचोळा जाळतात. त्या वर्षी तो दोघांनीही जाळला, एकाच झाडाखाली, दोन वेगवेगळ्या दिवशी. मग हापशीवर धाकटा सर्वांदेखत ओरडला होता, "त्याच मोहाखाली तुले गाडीन!"

आणि थोरला त्याच मोहाखाली पालथा पडला होता. डोक्याच्या मागे जखम, उजव्या नडगीवर भाजल्याची लांबट खूण, शेजारी रिकामी टोपली. पाचोळ्याची राख सगळीकडे होतीच. प्रेत जाळायचा प्रयत्न झाला असावा, असे मी टिपणवहीत लिहिले. छायाचित्रे काढली, माती घेतली, राखेचा नमुना घेतला. दुपारपर्यंत सात साक्षीदारांनी हापशीवरची धमकी शब्दशः सांगितली. थोरल्याच्या पत्नीनेही सांगितली. प्रयोगशाळेत सात वाचने एकसारखी आली की विद्यार्थ्याला जो आनंद होतो, तोच मला झाला.

धाकट्याच्या घरात कुऱ्हाड सापडली. दांडा आणि पाते जिथे मिळतात त्या फटीत रक्त होते.

चौकशी ठाण्याच्या मागच्या खोलीत झाली. तो तिशीचा, काटक, पायांच्या अंगठ्यांकडे पाहत बसणारा माणूस होता.

"तू त्याला गाडीन म्हणालास की नाही?"

"म्हनलो जी."

"का?"

"राग आला होता."

"कुऱ्हाडीला रक्त कशाचे?"

"कोंबडी कापली."

"कुऱ्हाडीनं?" जमादार म्हणाले. "कोंबडी होती का शहामृग, बे?"

तो पुन्हा अंगठ्यांकडे पाहू लागला. त्यानंतर दोन दिवस त्याने भांडणाविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर दिले आणि रक्ताविषयी एक शब्द बोलला नाही. मी याचा अर्थ सरळ लावला. जो एका ठिकाणी खोटे बोलतो, तो तिथेच काहीतरी लपवतो. हे अनुमान चूक नव्हते. तो काय लपवतो आहे याचा अंदाज तेवढा चुकला होता.

तो न्यायालयीन कोठडीत चंद्रपूरच्या कारागृहात गेला. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण राखून ठेवले होते, रासायनिक अहवाल प्रलंबित होते. अशा गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस मिळतात. मी बावन्नाव्या दिवशी मसुदा पूर्ण केला आणि अभिप्रायासाठी सरकारी वकिलांकडे नेला. ते निवृत्तीला आलेले, सुपारी कातरत वाचणारे गृहस्थ होते. धाकट्याची ताब्यातील चौकशीही मी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून जोडली होती. त्यांनी शेवटचे पान उलटले.

"गोष्ट बढिया आहे. आता यातून भांडण काढा, अन् उरलेलं मले वाचून दाखवा."

मी वाचू लागले. एका मिनिटात संपले. डोक्याची जखम, कशाने झाली ते अनिश्चित. कुऱ्हाडीवरचे रक्त, कोणाचे ते अनिश्चित. त्या सकाळी आरोपीला झाडाजवळ पाहणारा साक्षीदार नाही.

"हेतू तर भक्कम आहे, सर."

"भक्कम आहे ना. पन वैर होतं म्हनून मारलं असंही म्हनता येते, अन् वैर होतं म्हनूनच याचं नाव सगळ्यात आधी आलं असंही म्हनता येते. भांडणाचा अर्थ येवढाच, का दार उघडं होतं. आत कोन गेलं ते दुसऱ्या कशानं सांगा." त्यांनी चौकशीच्या पानावर अडकित्ता टेकवला. "हे प्रश्न मोजले का तुमी?"

मी तेथेच मोजले. तेवीस प्रश्न होते. त्यांपैकी एकोणीस भांडणाचे, चार कुऱ्हाडीचे. 'त्या सकाळी तू उठल्यापासून काय केलेस' हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

परतताना जीपमध्ये मी तेच पान पुन्हा वाचत होते. जमादार म्हणाले, "मॅडम, गाडीन म्हननाऱ्यानं गाडलंच असतं, त आमच्या गावात मानसं कमी अन् खड्डे जास्त दिसले असते."

हसू आले, पण ते खरे होते. प्रयोगशाळेत नियंत्रण नमुन्याशिवाय मी कोणताही निष्कर्ष काढला नसता. येथे मी एकाच माणसाचा राग मोजला होता आणि त्याची तुलना कशाशीही केली नव्हती. अडतीस दिवस उरले होते. मी ठरवले, पुन्हा सुरुवात करायची आणि यावेळी 'भांडण' हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

पहिली भेट थोरल्याच्या पत्नीची घेतली. ती परसात मोहाची वाळलेली फुले पाखडत होती. मी समोर जमिनीवर बसले.

"बाई, त्या सकाळचे सगळे सांगा. क्रमाने. महत्त्वाचे वाटो न वाटो."

तिने सूप खाली ठेवले. आदल्या संध्याकाळी नवरा लवकर जेवून मोहाच्या राखणीला गेला. रात्री हरणे फुले खातात. मचाणावर झोपायचे आणि उजाडता वेचून यायचे, हा त्याचा हंगामभराचा रिवाज. त्यामुळे रात्री कोणी वाट पाहिली नाही. पहाटे ती उठली, पाणी भरले, सासूला चहा दिला. मग ती थांबली.

"मग?"

"मंग काई नाई."

"बाई, काहीतरी आहे."

तिने दाराकडे पाहिले, माझ्या टोपीकडे पाहिले. "तुमी जंगलखात्याले सांगान का?"

"जे कळेल त्यातले कळवावेच लागेल ते मी कळवेन. पण एक माणूस तुरुंगात आहे. तो सुटायचा की अडकायचा, हे कदाचित तुमच्या सांगण्यावर आहे."

ती सुपातली फुले चाळवू लागली. मग म्हणाली, "हिस्सा आला होता."

"कसला?"

"डुकराचा. गावात रानडुक्कर आला का घरोघरी हिस्सा जाते. जितके जीव तितके वाटे. भांडन असो का बोलनं बंद असो, हिस्सा कोनाचा चुकत नाई. आठाच्या सुमाराले धाकट्याकडून पळसाच्या पानाचा पुडा आला. मी उघडून पाह्यला. तीन वाटे होते."

"तीन?"

"सासूचा, माहा, अन् ह्यायचा." ह्यायचा म्हणजे नवऱ्याचा. "पुडा ठेवला अन् तिकून बायांची बोंब आयकू आली. कोनी खाल्लं नाई मंग. मागं खड्डा करून पुरला. पन मले तवापासून एकच इचार येते. मेलेल्याचा हिस्सा कोन पाठवते, मॅडम?"

मी लिहायचे थांबले.

"हे आधी का नाही सांगितलेत?"

"गावानं ठरवलं होतं, डुकराचं नाव काढाचं नाई. सगळ्यायनं खाल्ला ना. पूर्ण गाव आत गेलं असतं. अन् तुमी तरी कुठी विचारलं? तुमी विचारलं, भांडन काऊन झालं. तेच मी सांगतलं."

मी छायाचित्रे बरोबर नेली होती. प्रेताची नको, म्हणून फक्त जमीन आणि टोपली दिसेल असे एक दाखवले. तिने ते हातात घेतले आणि कपाळाला आठी घातली.

"हे इतकी फुलं दबलेली कशी?"

"ते त्यावर पडले होते."

"पडन कसा? मोहाखाली मानूस बाहेरून वेचत वेचत झाडाच्या बुडाकडे जाते. फुलावर पाय द्याले लहान लेकरूबी भेते. अन् टोपली त रिकामी. इतकी फुलं पडलेली असताना रिकामी टोपली घेऊन हा बुडापाशी गेलाच कसा?" तिने छायाचित्र परत दिले. "तो तिथी चालत नाई गेला, मॅडम. कोनं तरी नेऊन ठेवला त्याले. अन् ठेवनारा घाईत होता."

मोहफुले पहाटे गळू लागतात. प्रेताखाली ताजी, चिरडलेली फुले होती. म्हणजे प्रेत फुले पडल्यानंतर तेथे आले होते. ही वस्तुस्थिती माझ्याच छायाचित्रात बावन्न दिवस पडून होती. मी त्याच संध्याकाळी शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा वाचला. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचते आणि काही तासांत तो डाग पक्का होतो. डॉक्टरांनी डाग पाठीवर असल्याचे लिहिले होते. थोरला सापडला तो पालथा. मृत्यूनंतर तो कित्येक तास कुठेतरी उताणा पडला होता.

तीन वाटे हा काही पुरावा नव्हता. धूर्त खुनी मुद्दाम तीन वाटे पाठवू शकतो, हे मला समजत होते. पण आता विचारण्यासारखा प्रश्न मिळाला होता. न्यायालयाची परवानगी घेऊन मी कारागृहात धाकट्याला भेटले.

"तुझ्या वहिनीने हिस्स्याचे सांगितले," मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदा वर पाहिले. "तिनं सांगतलं?"

"हो. आता तू सांग. डुक्कर कोणी मारला?"

"मारलाच नाई जी कोनी. उजाडताना मी अन् गावातले दोघं मोहाकडे चाललो, त शेजाऱ्याच्या बांधीच्या कोपऱ्यात मरून पडला होता. ना भाला, ना गोळी. पुढच्या पायाचे केस जळलेले. आमी नाल्यात नेऊन कापला. आठापर्यंत मी वाटेच करून राह्यलो होतो. बारा लोकं होते तिथी."

"बारा माणसांना तुझी साक्ष देता येत होती आणि तू गप्प बसलास?"

"मी बोललो असतो त बाराच्या बारा आले असते ना इथी," तो म्हणाला. "मले वाटलं, मी काई केलंच नाई, त तुमाले कधी ना कधी कळनच."

त्याच्या या विश्वासाने मला जितके शरमिंदे केले, तितके कोणत्याही वरिष्ठाने केले नसेल.

जळालेले केस. आणि थोरल्याच्या नडगीवरची भाजल्याची खूण. ती लांबट आणि अरुंद होती. पाचोळ्याची आग अशी रेघ ओढत नाही. मी ग्रामीण रुग्णालयात गेले. शवविच्छेदन करणारे तरुण डॉक्टर म्हणाले, "त्या खुणेबद्दल मला शंका होती. कातडीचा तुकडा राखून ठेवलाय. तुमच्याकडून तपासणीचं पत्रच आलं नाही." पत्र मी त्याच टेबलावर लिहिले. विजेच्या तारेचा स्पर्श झाला तर तारेवरील धातूचे सूक्ष्म कण त्वचेत उतरतात. कुंपणाच्या तारेला जस्ताचा मुलामा असतो. तपासणीत त्वचेत जस्त सापडले. त्याच आठवड्यात कुऱ्हाडीचा अहवालही आला: रक्त मानवी नाही, डुकराचे.

ज्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, कोपऱ्यात डुक्कर मेला, तेथे उन्हाळी धान होते आणि पाण्याची मोटार होती. शेत होते त्या शेजाऱ्याचे, ज्याने आम्हाला खबर दिली होती.

तो बोलावल्यावर लगेच आला. खुर्ची दिली तर बसला नाही. मी त्याला एवढेच विचारले, "तार कुठे आहे?"

तो तेथेच जमिनीवर बसला.

"तनसीत," तो म्हणाला. म्हणजे भाताच्या पेंढ्यात. "तनसीच्या ढिगाखाली."

नंतरचे सारे त्याने स्वतःहून सांगितले. डुकरांनी धान लोळवले म्हणून मोटारीच्या पेटीतून त्याने तारेत करंट सोडला होता. पहाटे तो बंद करायला गेला तर आपल्या शेताच्या धुऱ्यावर थोरला उताणा पडलेला, डोके दगडावर. राखणीला जाताना अंधारात त्याचा पाय तारेला लागला होता. याने तार गुंडाळली, प्रेत बैलबंडीत घालून मोहाखाली नेले. दुसऱ्या कोपऱ्यात मेलेला डुक्कर त्याला घाबरगुंडीत दिसलाच नाही.

"तुमचे त्याच्याशी काही वैर होते?"

"वैर?" तो रडू लागला. "माह्या पोरीच्या लग्नात त्यानं तीन दिवस पानी वाह्यलं, मॅडम. मी त्याच्यावर हात उचलन?"

"मग त्याच झाडाखाली का नेले?"

त्याने डोळे पुसले आणि अगदी साधेपणाने उत्तर दिले. "तिथी भांडन होतं ना. मले वाटलं, तुमाले मंग दुसरं काई विचाराचं कामच पडनार नाई."

जमादारांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते उठून पंचांना बोलवायला गेले.

त्याने दाखवलेल्या जागेवरून निवेदन पंचनाम्यात तार जप्त झाली. तिच्या एका पिळात राठ, करपलेले केस अडकले होते. ते रानडुकराचे निघाले. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, असा खटला उभा राहिला. तो न्यायप्रविष्ट असल्याने अधिक लिहीत नाही. एवढे मात्र नोंदवते की त्या दोषारोपपत्रात हेतूचा रकाना जवळजवळ रिकामा होता आणि त्याचे काहीही अडले नाही. तार, त्वचा, केस, फुले आणि वेळ यांची साखळी पुरेशी होती. डुकराच्या मांसाची बाब मी वनविभागाला लेखी कळवली. ते टाळणे माझ्या अधिकारात नव्हते. विभागाने गुन्हा तार लावणाऱ्यावर नोंदवला आणि गावकऱ्यांचे जबाब साक्षीदार म्हणून घेतले. गाव आत गेले नाही. ते ऐकले त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

धाकट्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी सत्त्याहत्तराव्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर ठेवला. तो सुटला तेव्हा कारागृहाच्या फाटकाशी मी आणि जमादार उभे होतो. वास्तविक तेथे माझे काही काम नव्हते. त्याने आम्हाला हात जोडले. मला ते सहन झाले नाही, म्हणून मी म्हणाले, "माझी चूक झाली."

तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, "मी म्हनलो होतो ना तसं, गाडीन म्हनून. ते त खरंच होतं." आणि लगेच, "मोह सरला असन ना आता?"

"कवाचाच सरला," जमादार म्हणाले. "पाऊस पडून राह्यला, भाऊ."

आम्ही त्याला जीपमधून गावी सोडले. थोरल्याच्या अंगणात त्याची वहिनी उभी होती. ती आत गेली आणि एक पोते ओढत बाहेर आली. धुऱ्यावरच्या त्या झाडाची फुले तिने हंगामभर एकटीने वेचली होती, वाळवली होती आणि सारखी दोन पोती भरली होती.

"हा तुहा हिस्सा," ती म्हणाली.

खुनाच्या तपासात हेतू शोधू नये, असे मी म्हणणार नाही. तो शोधावाच लागतो. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात तो साखळीतला महत्त्वाचा दुवा असतो. पण हेतू माणसाच्या मनात काय होते तेवढे सांगतो, हाताने काय केले ते सांगत नाही. आणि तो सगळ्या गावाला आधीच ठाऊक असतो, म्हणून ज्याला काही लपवायचे आहे त्यालाही तो सहज वापरता येतो. धाकट्याच्या मनात राग होता, हे मी बरोबर ओळखले होते. त्याच मनाने त्याच सकाळी तीन वाटे मोजले होते, हे मला बावन्न दिवस माहीत नव्हते.

तो जुना मसुदा मी फाडला नाही. माझ्या प्रयोगशाळेतील कपाटात तो सर्वांत वरच्या खणात आहे. नवा नमुना आला आणि बरोबरच्या पत्रात 'आरोपीचे मृताशी पूर्ववैमनस्य होते' असे वाक्य दिसले की मी ते पत्र पालथे घालते आणि आधी नमुना उघडते.